केरबाचा विसावा

मी चित्रकलेचा मास्तर. सरकारी परीक्षा पास झालेला, जलरंगात बक्षीस मिळालेला. पण शिवाजी पेठेत त्यासाठी मला कुणी ओळखत नव्हतं. "केरबाच्या म्हशीवर मोर काढतेत ते मास्तर" एवढीच माझी ख्याती. दर दिवाळीला केरबा पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन दारात उभा राहायचा, मी नाही म्हणायचो आणि मग मोर काढायचो. नाही म्हणायची आपली एक पद्धत होती, तिला अर्थ काही नव्हता.

कोल्हापूरच्या बाहेरच्या माणसाला हे जरा समजावून सांगावं लागतं. आमच्याकडे दिवाळीच्या पाडव्याला म्हशी पळवतात. शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्यांची माळ, पायात घुंगरू, पाठीवर नक्षी. मग मालक पुढं आणि म्हैस मागं. दोरी धरायची नाही, काठी लावायची नाही. मालकानं हाक मारून धावत सुटायचं आणि म्हशीनं फटाके, हलग्या, गर्दी यातलं काही न बघता फक्त त्याच्यामागं यायचं, ते थेट पंचगंगेच्या घाटापर्यंत. ज्याची म्हैस न थांबता पहिली पोचली, त्याला पुढच्या पाडव्याला मिरवणुकीत पहिला मान. वाटेत आपली म्हैस थांबली तर मान गेला. दुसऱ्याच्या म्हशीनं वाट अडवली तर मात्र तो दोष धरत नाहीत. नियम एवढेच, पण त्यावरून सख्खे भाऊ एकमेकांशी बोलायचे बंद झालेले मी बघितले आहेत.

हा पहिला मान सलग कित्येक वर्षं केरबाकडं होता. त्याचं घर माझ्या घराला लागून आणि गोठा गल्लीच्या टोकाला, पण वारा तिकडूनच यायचा, म्हणजे वास माझ्या वाटणीला. माणूस दांडगा, छाती रुंद, आवाज असा की हा गोठ्यात बोलला तर मला माझ्या घरात उत्तर द्यावंसं वाटायचं. म्हशीचं नाव हरणी. काळीभोर, डोळे मोठे, आणि पळायला लागली की नावाला जागायची. रोज संध्याकाळी केरबा तिला गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर न्यायचा. तिथं लोक पेला घेऊन उभे राहतात आणि गवळी समोर धार काढून फेसासकट दूध हातात देतो. केरबाची धार अशी पडायची की पेला बघता बघता भरायचा.

बहात्तरचा दुष्काळ उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. त्या साली गणपती गेले आणि पेठेत ताप आला. हाडमोड्या ताप म्हणायचे त्याला. ज्यांना आला त्यांना तो पटकन कळायचा, कारण हाडं खरंच कुणी उखळात घालून कांडतंय असं वाटायचं. केरबाला जन्मात सर्दीही झाली नव्हती. तो आठवडाभर अंथरुणावर असा विव्हळला की समोरच्या आळीतली माणसं विचारायला आली. हरणी दावणीला उभी राहून हंबरायची आणि हा आतून ओ द्यायचा. दोघांनी मिळून माझी झोप घालवली.

मग ताप उतरला. अंगावर पुरळ उठलं आणि गेलं. केरबा भिंत धरून बाहेर आला, उन्हाकडं बघून डोळे मिटले आणि माझ्या पायरीवर बसला. तिथून पुढं दीड महिना तो पेठेत जिथं दिसला तिथं बसलेलाच दिसला.

पेठेतले डॉक्टर भले माणूस. त्यांनी सांगितलं की या तापात असंच होतं, ताप जातो पण अशक्तपणा महिना-दोन महिने अंग सोडत नाही, सांधे दुखतात, विश्रांती घ्यायला पाहिजे. सगळं बरोबर सांगितलं, पण एक घोडचूक केली. सुई टोचली नाही. आमच्या पेठेत सुई टोचली तर आजार, नाही टोचली तर कारणं, असा सरळ हिशेब होता.

"विश्रांती घ्या म्हणं," केरबाची बायको झुंबरबाई दारात उभी राहून सगळ्या गल्लीला सांगत होती, "ती कुठल्या दुकानात मिळती ते पण सांगायचं हुतं की! ताप गेला न्हवं? मग उठायचं. ताप म्हंजे काय पावणा हाय व्हय, गेल्यावर पण त्याचं अंथरूण घालून ठेवायला?"

झुंबरबाई वाईट नव्हती. ती पहाटे उठून शेणघाण करायची, वैरण आणायची, घरोघर रतीब घालायची, आणि हे सगळं करताना नवरा पायरीवर बसलेला दिसायचा. दिसायला तो ठणठणीत. छाती तेवढीच रुंद, मिशा तेवढ्याच झुबकेदार. चेहरा जरा उतरला होता, पण मिशांमुळं तो कुणाला फारसा दिसत नव्हता. आजारी माणसानं आजारी दिसायला पाहिजे, ही लोकांची अपेक्षा रास्त असते. केरबाला ते जमत नव्हतं.

त्यानं प्रयत्न केले नाहीत असं नाही. एका संध्याकाळी तो हट्टानं हरणीला घेऊन कट्ट्यावर गेला. एक पैलवान पेला पुढं करून उभा राहिला. केरबानं धार धरली, चार-सहा धारा पडल्या आणि बोटांचे सांधे आखडले. तो जरा थांबला, हरणीच्या कुशीला कपाळ टेकलं, आणि तसाच झोपला. पैलवान अर्धा पेला हातात घेऊन उभा. कुणी हाका मारल्या, कुणी हसलं. हरणी मात्र माशी बसली तरी हलली नाही. ही हलली असती तर तो तोंडावर पडला असता. शेवटी पैलवानानं अर्धं दूध पिऊन टाकलं आणि पुन्हा कधी केरबाकडं पेला धरला नाही.

त्यानंतर बयाबाई वारली. आमच्या गल्लीतली अगदी म्हातारी बाई, अंगानं चिपाड. वारा सुटला की दाराची चौकट धरून उभी राहायची. तिला खांदा द्यायला केरबा आपणहून गेला, कारण लहानपणी तिनं त्याला सांभाळलं होतं. आता मसणवट्याच्या वाटेवर तिरडी एकदा खाली टेकवतात, त्याला विसावा म्हणतात. तो झाला. लोक पुन्हा उचलून चालू लागले आणि थोडं पुढं गेल्यावर केरबा म्हणाला, "जरा टेकवूया का?" टेकवली. पुढं जाऊन पुन्हा म्हणाला. पुन्हा टेकवली. आणखी एकदा झाल्यावर बयाबाईचा थोरला लेक वैतागला.

"केरबा," तो म्हणाला, "आई दमली न्हाय गा. तू दमलायस."

डॉक्टर सोडले तर त्या दीड महिन्यात कुणी खरं बोललं असेल तर ते एवढंच. पण तेही रागानं बोललं गेलं, आणि लगेच दुसऱ्या माणसानं केरबाला खांद्यावरून बाजूला केलं. तो वाटेतच एका दगडावर बसून राहिला आणि बयाबाई पुढं गेली.

मग उपचार सुरू झाले. आजार मान्य नसला तरी उपचार करायला आमच्या पेठेची कधीच ना नसते. कुणी गुळवेलीचा काढा दिला, कुणी पांढऱ्या रश्श्याची अख्खी किटली आणून समोर बसून पाजली. तालमीच्या वस्तादांनी वेगळंच निदान केलं. "हाडं आळसावल्यात," ते म्हणाले, "मातीत घाला त्याला." दोघा पैलवानांनी केरबाला उचलून तालमीच्या हौद्यात उतरवलं. हौद्यातली माती म्हणजे तेल, ताक, लिंबू घालून मळलेली, मऊ आणि गार. केरबा आडवा झाला आणि त्याला लगेच गाढ झोप लागली. त्याच्या दोन्ही बाजूंनी पोरांच्या कुस्त्या चालल्या होत्या. कुणी चीतपट होऊन त्याच्या अंगावरही पडलं, पण तो उठला नाही. संध्याकाळी तालमीत दिवा लावायच्या वेळी त्याला झुंबरबाईकडं पोचवण्यात आलं, कानात माती, आणि आजार आहे तिथंच.

या सगळ्यात सर्वांत जास्त मजा कुणाची झाली असेल तर बाळासोची. बाळासोचा गोठा पलीकडच्या गल्लीत. त्याची म्हैस दर पाडव्याला हरणीच्या मागून दुसरी यायची, आणि ते दुसरेपण त्याच्या अंगात भिनलं होतं. केरबा रस्त्यानं जाताना दिसला की बाळासो हातातलं काम टाकून धपकन खाली बसायचा, कपाळाला हात लावायचा आणि ओरडायचा, "दमलो गा, दमलो! उचला मला कुणीतरी!" बघणारे हसायचे. नक्कल उत्तम करायचा, हे मला कलावंत म्हणून मान्य करावं लागतं. माणूस म्हणून मला त्याच्या डोक्यात रंगाचा डबा घालावासा वाटायचा.

एकदा अशीच नक्कल झाली आणि केरबा येऊन माझ्या पायरीवर बसला. मी आत पोरांची चित्रं तपासत होतो. एकानंही सूर्य सोडून काही काढलं नव्हतं, त्यामुळं मी चिडलेलाच होतो.

"मास्तर," तो म्हणाला, "एक इचारू का? खरं सांगायचं."

"विचार."

"मला खरंच कायतरी झालंय, का मी आळशी झालोय?"

मी बाहेर आलो. तो आपल्या पंजांकडं बघत होता.

"सकाळी उठतो तवाच दिस मावळल्यागत वाटतंय. उठायचं म्हंतो, पाय ऐकत न्हाईत. झुंबर म्हंती ढोंग हाय. पयल्यांदा राग यायचा. आता सगळीच म्हणायलाईत, म्हंजे असंल बी. माझं मलाच कळंना झालंय. सोंग करणाऱ्याला आपण सोंग करायलोय हे ठावं असतंय न्हवं?"

मला त्याची दया आली. मी चित्रकलेचा मास्तर, मला दिसेल तेवढंच कळतं. आणि थकवा दिसत नाही हाच तर सगळा घोळ होता. मी त्याला चहा दिला. तो कप हातात धरून पेंगला आणि चहा माझ्या पायरीवर सांडला.

"पाडव्याला पळतो," जाग आल्यावर तो म्हणाला. "हरणीला घिऊन घाटापतूर न बसता गेलो, म्हंजे आळशी हुतो, आता उठलो. न्हाय गेलो तर मग खरंच कायतरी झालंय. माझं मला तरी कळंल."

या हिशेबात कुठंतरी चूक आहे असं मला वाटलं, पण तेव्हा ती सापडली नाही.

दसरा झाला की म्हशींचा सराव सुरू होतो. रोज सकाळी मालक त्याच वाटेनं म्हैस पळवून आणतो, म्हणजे पाडव्यापर्यंत वाट तिच्या पायात बसते. केरबाही हरणीला घेऊन निघाला. गोठ्यापासून माझ्या पायरीपर्यंत आला आणि बसला. हरणी मागं उभी राहिली. तिनं त्याला शिंगानं ढोसलं, कान चाटला, मग आश्चर्यानं माझ्याकडं बघितलं. थोड्या वेळानं तो उठला, पुढच्या नळापर्यंत गेला आणि बसला. मग गौसच्या गॅरेजपुढं बसला. गौस मोटारसायकली दुरुस्त करायचा. तो पाना बाजूला ठेवून केरबाला पाणी द्यायचा आणि हरणीला बादली.

हे रोज चाललं. पहिले काही दिवस हरणी नुसती उभी राहायची. मग एका सकाळी केरबा माझ्या पायरीवर टेकला आणि हरणीनंही पुढचे गुडघे मुडपले, मागचं धूड खाली सोडलं आणि मोठा सुस्कारा टाकला. दोघं शेजारी बसून रवंथ करू लागले. म्हणजे एक जण करत होता, दुसरा नुसता बसला होता. त्यानंतर ती नळापाशीही बसू लागली, गॅरेजपुढंही. पुढं पुढं तर ती केरबाच्या आधी बसायची आणि मान वळवून तो कुठं राहिला ते बघायची.

"तिची सवय मोडतीया गा," गौसनं सांगून बघितलं. "राहू दे, मी माझ्या राजदूतमागं पळवतो तिला." त्यानं सायलेन्सर काढून मोटारसायकल अशी गरजवली की माझ्या भिंतीवरची दोन निसर्गचित्रं खाली आली. राजदूत गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आली. हरणीनं एक कान हलवला.

पाडवा आला. आणि इथं दैवानं गंमत केली. दिवाळीचे आदले दिवस केरबा तेल लावून, गरम पाण्यानं न्हाऊन, फराळ खाऊन झोपला होता. पाहुणे घरात असल्यामुळं झुंबरबाईला त्याला उठवायला सवड नव्हती. पाडव्याला सकाळी तो माझ्याकडं रंगाचा डबा घेऊन यायला निघाला तेव्हाच त्याचा आवाज पुन्हा भिंतीपलीकडून ऐकू आला.

"मास्तर! आज अंग माझं वाटायलंय! मोर काढा, चांगला थोराड काढा!"

मी नाही म्हणालो आणि काढला. झुंबरबाईनं नवऱ्याला ओवाळलं, हरणीला ओवाळलं. हलग्या कडकडल्या. पहिला मान केरबाचा. त्यानं फेट्याचा शेमला मागं टाकला, "हरणे ऽऽ!" अशी आरोळी ठोकली आणि धावत सुटला. खरंच धावला. दीड महिना जो पायरीवरून उठायला भिंत धरत होता तो माणूस धोतर खोचून माझ्या दारावरून वाऱ्यासारखा गेला. हरणी त्याच्यामागून आली, घुंगरू वाजवत, माझा मोर पाठीवर घेऊन. माझ्या पायरीशी आली.

आणि बसली.

केरबा आपल्याच नादात नळापर्यंत पोचला होता. मागं घुंगरू वाजेनात म्हणून त्यानं वळून बघितलं. गल्ली गच्च अडली होती. तो परत आला, हाका मारल्या, गोंजारलं, शेवटी तिच्यापुढं हात जोडले. हरणीनं रवंथ सुरू केला.

यानंतर जे झालं ते मी डोळ्यांनी बघितलं नसतं तर विश्वास ठेवला नसता. गर्दीतला एक माणूस म्हणाला, "म्हशीला अशक्तपणा आलाय." लगेच दुसरा म्हणाला, "बसू दे बिचारीला, मुकं जनावर हाय." कुणी गुळाचा खडा आणला. कुणी उन्हाला आडोसा म्हणून धोतर धरलं. ज्या वस्तादांनी केरबाला मातीत घातलं होतं तेच म्हणत होते, "ओढू नका तिला, आतनं दमली असंल. जनावर कधी ढोंग करत न्हाय." झुंबरबाईनं पदरानं हरणीला वारा घातला आणि डोळे पुसले, "माझी लेक गं, किती सोसलंस आन बोलली न्हाईस!"

केरबा हे सगळं ऐकत उभा होता.

"आरं, दीड म्हैना मी बसायलोय!" तो एकदम ओरडला, आणि हलग्या थांबल्या. "दीड म्हैना! मी बसलो तर ढोंग, आन म्हस बसली की आजार व्हय? मला पण आतनं दमल्यागत हुतंय, मी पण सांगायलोय, मला तर बोलता पण येतंय! कुणी ऐकलंसा का?"

आणि तो हरणीच्या अंगाला पाठ लावून खाली बसला आणि पोरासारखा रडला. पेठेतल्या लोकांना वाटलं, मान गेला म्हणून रडतोय.

गौस तोवर राजदूतवरून जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन आला होता. आता माणसांच्या डॉक्टरांचं आमच्याकडं कुणी ऐको न ऐको, जनावरांच्या डॉक्टरांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यांनी हरणीचे डोळे बघितले, कान चाचपले, पोटाला कान लावला.

"जनावर ठणठणीत आहे," ते म्हणाले. "हिला चालवतो कोण?"

सगळ्यांनी केरबाकडं बोट दाखवलं. डॉक्टर तसेच उकिडव्यानं त्याच्याकडं सरकले. सवयच ती. त्यांनी त्याच्याही डोळ्याची पापणी ओढून बघितली, गुडघा आणि मनगट दाबलं. केरबा कळवळला. मग त्यांनी त्याला जबडा उघडायला लावला, का ते देव जाणे, पण त्यानं उघडला.

"ताप येऊन गेलाय का याला?"

"हाडमोड्या," झुंबरबाई म्हणाली. "खरं तो गेला की."

"ताप गेला, अशक्तपणा आहे अजून. आज उसनं बळ आणून पळाला, उद्या पुन्हा पडेल. हा बसतो म्हणून ही बसते. आजारी म्हैस नाही, मालक आहे. याला निजवा चांगला. हा बरा झाला की ही आपोआप पळेल."

मग कुणीतरी मागून विचारलं, "डाक्टर, सुई न्हाय टोचणार?"

डॉक्टरांनी माणसं ओळखली. पिशवीतून ताकदीची सुई काढली आणि सगळ्यांच्या देखत हरणीला टोचली. केरबाच्या आजाराची सुई म्हशीला टोचली गेली आणि पेठेचं समाधान झालं. आजार सिद्ध झाला. एवढ्यात बाळासोनं संधी साधली, बाजूच्या बोळातून आपली म्हैस काढली आणि घाट गाठला. पुढच्या वर्षीचा पहिला मान त्याच्याकडं गेला.

गल्ली रिकामी झाल्यावर झुंबरबाई केरबाशेजारी बसली. "अवो," ती हळू आवाजात म्हणाली, आणि तिचा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला, "मग मला सांगायचं न्हवं का नीट?"

"सांगत हुतो की," केरबा म्हणाला.

गोठ्यातून हरणीची झूल आणून तिनं ती नवऱ्याच्या खांद्यावर घातली आणि त्याला घरी नेलं.

पुढं केरबाचे जे हाल झाले ते आधीच्यापेक्षा जास्त. हरणी पेठेची अब्रू होती, आणि तिचं पळणं केरबाच्या झोपेवर अवलंबून, त्यामुळं अख्खी पेठ त्याला निजवायला लागली. तो दारात उभा दिसला की कुणीही ओरडायचं, "आत जा गा! म्हशीचा इचार कर!" पाहुणा म्हणून आलेला माणूस आधी गोठ्यात जाऊन हरणीची तब्येत विचारायचा आणि मग केरबाच्या खोलीत डोकावून तो निजलाय ना ते बघायचा. झुंबरबाईनं रेडिओ बंद केला. ह्याची झोप मोडते म्हणून मला भिंतीत खिळा ठोकायची बंदी झाली, आणि ती दोन निसर्गचित्रं संक्रांतीपर्यंत जमिनीवरच राहिली. संक्रांतीला केरबा तिळगूळ द्यायला स्वतः आला, भिंत न धरता पायरी चढला आणि असा ओरडून बोलला की मी कानावर हात ठेवले. मला फार आनंद झाला.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण पुढच्या साली गणपती गेले आणि पुन्हा ताप आला, आणि यावेळी त्यानं बाळासोला गाठलं. ताप उतरला. बाळासो लगेच उठून कामाला लागला. गेल्या वर्षी ज्यानं केरबाची नक्कल केली त्याला बसायची सोय कुठं राहिली होती? तो उभ्यानं जेवायचा असं म्हणतात. कुणी विचारलं तर म्हणायचा, "मला काय झालंय? एकदम टकाटक हाय." रंग मातीसारखा झाला होता आणि बोलताना हात भिंतीला लागलेला असायचा. मला ते दिसलं. यावेळी कुठं बघायचं ते मला ठाऊक होतं. केरबालाही दिसलं असणार.

पाडव्याला पहिला मान बाळासोचा, त्याच्यामागं केरबा. तयारी अशी होती की हरणी यंदा सगळ्यांना धूळ चारणार याबद्दल पेठेत दुमत नव्हतं. दसऱ्यापासून ती रोज एकदाही न बसता घाटापर्यंत पळून आली होती. मी नाही म्हणून झाल्यावर दोन मोर काढले होते.

हलग्या वाजल्या. बाळासो पळत सुटला. गल्लीच्या तोंडाशीच त्याचे पाय फाकले. माझ्या खिडकीसमोर आला तेव्हा त्याचे ओठ पांढरे होते आणि तो धावत नव्हता, पुढं पुढं पडत होता. त्याची म्हैस बिचारी त्याच्यामागं अडखळत होती. आणखी दोन घरं गेला असता तर आडवाच झाला असता, म्हैस थांबली असती, आणि मान तर गेलाच असता, वर जन्मभर पेठ त्याच्यापुढं धपकन बसून दाखवत राहिली असती. मी खिडकीचे गज धरून उभा राहिलो.

तेवढ्यात मागून केरबा आला, बाळासोच्या अंगावरून पुढं निघाला, हरणी त्याच्या पाठोपाठ. वाट मोकळी होती. घाटापर्यंत कुणी आडवं येणार नव्हतं. केरबा माझ्या पायरीशी पोचला, थांबला, आणि पायरीवर बसला. हरणी गल्लीत आडवी उभी राहिली आणि वाट बंद झाली.

"थांबा, थांबा!" केरबा दोन्ही हात वर करून गर्दीला ओरडून सांगायला लागला. "माझी म्हस दमलीया, तिनंच वाट अडवलीया! वाईच बसू दे तिला!"

लोक हळहळले. कुणी गूळ आणायला धावलं. बाळासोनं केरबाकडं बघितलं. "तुझी म्हस म्हंजे सदाची असलीच," असं काहीतरी पुटपुटला आणि त्याच्याशेजारी पायरीवर टेकला. केरबा जरा सरकला आणि त्यानं त्याला भिंतीकडची जागा दिली, टेकायला.

हरणी तेव्हा अजून उभीच होती.